साहेबांचे चिरूट आणि मिठाची वाटी

"अहो, या पानांना झालंय काय? तंबाखू न खाता तोंड कडूजार झालंय माझं," आमची बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती. ती भोरात ओरडली की कामथडीला नांगराचे बैल थांबत, असा आवाज. मी गेलो तर तिच्या हातात पानाचा डबा, आणि डब्यात ओल्या फडक्यावर, विड्याच्या पानांना खेटून, एक चिरूट. त्याला पांढरी दाढी फुटली होती.

चिरूट माझा नव्हे. संस्थानच्या कचेरीत मी कारकून. आमचे साहेब दोन महिन्यांच्या रजेवर कोकणात वडिलांकडे गेलेले. वडिलांसमोर ओढायची छाती नाही, म्हणून चिरुटांची लाकडी पेटी माझ्या हवाली केली आणि म्हणाले, "येईन तेव्हा जसेच्या तसे पाहिजेत. नाहीतर पासलीच्या भाताच्या कोठारावर माणूस हवाच आहे."

पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथला एक शेतकरी मला कचेरीत सांगत होता, "आवं, आखाडात म्या सदरा वाळत घातला, दिवाळीला काडला. बाहीला कोंब आलं व्हतं." मी विश्वास ठेवला, कारण तोच सदरा त्याच्या अंगात होता.

तेव्हा चिरुटाला नेमकी किती ओल लागते, याचा मी शोध लावायला बसलो. एक चिरूट चुलीवरच्या फळीवर ठेवला. दोन दिवसांत तो कानाशी धरून दाबला तर पापडासारखा बोलला आणि वरचं पान उकललं. म्हणून दुसरा पानाच्या डब्यात घातला, तर त्याची ही दाढी. पेटीतले बाकीचे तेवढ्यात पावसाळी हवा पिऊन उकडलेल्या शेंगांसारखे मऊ पडत चालले होते. कोरडं चालत नाही, ओलं चालत नाही. मधलं कुठं असतं, ते कुणालाच ठाऊक नाही.

"मिठाला ठाऊक असतं," बायको म्हणाली. ओरडून झालं होतं. "पापड कधी घालायचे ते आम्ही मिठाला विचारतो. वाटीत खडेमीठ घ्या, चिंब होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ती वाटी पेटीत ठेवा आणि झाकण लावा. आणि माझ्या डब्याला पुन्हा हात लावू नका."

"मिठाला कसं कळतं?"

"ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं."

चौथ्या दिवशी चिरूट दाबला. किंचित दबला, परत वर आला, कानाशी अगदी हलकं कुजबुजला. मला राहवेना. वाटीत पाणी थोडं वाढवलं, मग थोडं काढलं. नवल असं, की वाटीत खडे आणि पाणी दोन्ही दिसत, तोवर चिरूट ना मऊ पडे, ना कडक होई. बाहेर ढग आमच्या ओसरीवर येऊन पाय पुसत होते, पण पेटीतल्या पेटीत हवामान एकच. दिवसातून सात वेळा मी झाकण उघडून बघे, आणि सात वेळा बायको म्हणे, "उघडत बसलात तर मीठ तरी काय करील?"

साहेब आले. एक चिरूट उचलला, कानाशी दाबला, पेटवला, डोळे मिटले. दोन कमी होते, पण त्यांनी मोजले नाहीत. "कसं साधलं?" म्हणाले.

इथं मी घसरलो. हवा, ओल, क्षार, असं अर्धा तास बोललो. सगळा शोध माझा. बायकोचं नाव तोंडातून निघालं नाही.

साहेबांनी राख झटकली. "पासलीचं भात दरवर्षी बुरसतं. असा माणूस तिथंच पाहिजे. सोमवारी निघा."

घरी येऊन मी पडल्या चेहऱ्यानं सगळं सांगितलं, अगदी शोध कुणाचा म्हणून सांगितला तेही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"शोध तुमचा, तर तुम्ही जा. मी भोरातच राहते."