हात वर करून गाणाऱ्या बाई

तीस वर्षांपूर्वी सुरतच्या लिंबायतमधल्या माझ्या शिलाईच्या दुकानात एक ख्रिस्ती बाई ब्लाउज शिवून घ्यायला यायच्या. माझ्याएवढ्याच जाड, पण संकोच अजिबात नाही. "अख्खं सुरत साड्या छापतं, आणि सगळ्यांवर कोबीएवढी फुलं! मी काय बाग आहे?" असं म्हणत पिशवीतून बारीक ठिपक्यांचं कापड काढायच्या.

शिवलेला ब्लाउज घालून त्या आरशात बघायच्याच नाहीत. चर्चमध्ये गातात तशा दोन्ही हात वर करून दुकानातच गायच्या. ब्लाउज वर सरकून पोट दिसलं, की हुकूम सुटायचा, "लांबी वाढवा!"

एकदा माप घेताना मी त्यांच्या कमरेचा आकडा पुटपुटले.

"मोठ्यानं बोला की ताई! देवानं दिलंय, चोरून नाही आणलं." मग मला निरखत म्हणाल्या, "वरच्या फळीवरचं रीळ नेहमी मलाच का काढायला लावता हो?"

स्वतःचे ब्लाउज मी अजून लग्नातल्याच मापानं शिवत होते.

"हात वर करा आणि गा."

मला त्यांची गाणी येईनात, म्हणून मी गणपतीची आरती सुरू केली. पहिल्याच ओळीला माझ्या ब्लाउजच्या दोन्ही काखा टर्रकन फाटल्या.

बाईंनी शांतपणे टेप माझ्या हातात दिला. "घ्या माप. आणि मोठ्यानं."