मॅडमना निरोप, इंग्रजीतून

जळगावला आमच्या केळी निर्यातीच्या ऑफिसात एक रीत होती. इंग्रजी मेल कुणीही लिहो, मॅडमच्या नजरेखालून गेल्याशिवाय तो बाहेर पडायचा नाही. मॅडम मूळच्या शिरपूरच्या. दुबईच्या गिऱ्हाइकाशी कडक इंग्रजी आणि चहाच्या वेळी माझ्याशी चक्क अहिराणी. त्या नोकरी सोडून मुलाकडे नाशिकला निघाल्या, तेव्हा साहेब म्हणाले, परदेशाचा पत्रव्यवहार आता पुण्याच्या ऑफिसकडे देऊन टाकू. इथे मागे उरलंय कोण?

मी उरले होते. पारोळ्याची, मराठी शाळेतली, मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकलेली. ते काम मला हवं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मॅडमच्या निरोपाचा मेल मी लिहिणार. तो पुण्यालाही जातो ना, मग वाचू दे त्यांना.

पहिला मसुदा मोबाईलवर शोधून सजवला. ‘एंड ऑफ अॅन एरा’, ‘न्यू चॅप्टर’, ‘स्काय इज द लिमिट’, एकामागे एक नुसती रांग. वाचला आणि माझं मलाच हसू आलं. उद्या वॉचमनकाका सोडून गेले तरी हाच मेल चालला असता. मॅडम त्यात कुठेच नव्हत्या. इंग्रजी वाक्प्रचारांबद्दल त्याच म्हणायच्या, "हिंग शे तो, माय. चिमूटभरच टाकनं पडस."

सगळं खोडलं आणि पुन्हा बसले. एकेक वाक्प्रचार घ्यायचा आणि विचारायचं, हे आपल्या बाबतीत खरंच घडलं का? ‘शी शोड मी द रोप्स’ राहिलं, कारण हाताला धरून काम त्यांनीच शिकवलं. ‘शी नेव्हर बीट अराउंड द बुश’ राहिलं, कारण माझा पहिला मेल वाचून "ही नुसती खिचडी आहे" असं तोंडावर सांगणाऱ्या त्याच. बाकी वाक्यं साधी, मी बोलते तशी.

निरोप म्हणजे आमच्याकडे भरीत पार्टी. साहेबांच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, पानात भरीत-पुरी पडली, आणि मी साहेबांपुढे लॅपटॉप उघडला.

"कुठून उतरवलं?" त्यांनी विचारलं.

"कुठूनही नाही. मी लिहिलंय." माझा आवाज चढला होता. चढू दे.

साहेबांना पटेना. सवयीने त्यांनी लॅपटॉप मॅडमपुढे सरकवला. "मॅडम, जरा तपासून द्या, मग पाठवू." जिला निरोप द्यायचा, तिच्याकडेच तो तपासायला. हे आमच्याच ऑफिसात होऊ जाणे. कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही, आणि माझा जीव टांगणीला.

मॅडमनी हात पुसले, चष्मा चढवला, सावकाश वाचलं. शेवटाला आल्या आणि पुन्हा वर गेल्या.

"साहेब, हे तपासायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे मला आलंय."

मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "पाठव. पुण्यालाही जाऊ दे."

मी पाठवलं. साहेब थोडा वेळ पुरीचे तुकडे करत बसले आणि मग म्हणाले, "सोमवारी दुबईला तुम्हीच लिहा."

हवं होतं ते मिळालं होतं, आणि मॅडम जाणार होत्या. मला रडू आलं. भरीत तिखट आहे अशी सबब मी कुणालाही सांगितली नाही.