डब्याचे दोन पोचे

सौसरच्या आमच्या गाडीच्या मिस्त्रीच्या जेवणाच्या डब्याला दोन पोचे आहेत. ब्रेकचं काम झालं की तो आपला डबा रिकाम्या रस्त्यावर ठेवतो आणि गिऱ्हाइकाला गाडी त्याच्या रोखानं सुसाट आणायला लावतो. "आपलं जेवण वाचत नाही, मंग गिऱ्हाईक कसं वाचते?" पोचे म्हणजे त्याच्या दोन चुका. ते दोन्ही दिवस तो उपाशी राहिला.

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारला त्यानं दुसऱ्या, जड मॉडेलचे मोठे ब्रेक बसवायला घेतले. नागपूरचा एक मेकॅनिक फोनवर हसला, बसणारच नाहीत म्हणाला.

"नाही बसत म्हणते? मी बसवून राहिलो न!" जोडपट्ट्या त्यानं स्वतः कानशीनं घासून बनवल्या.

रामाकोन्याच्या रस्त्यावर डबा झपाट्यानं जवळ येऊ लागला. मी पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला होता.

"दाबा मास्तर, कायले भेता!" तो रस्त्याच्या कडेवरून ओरडला.

मी दाबला. गाडी जमिनीला खिळल्यासारखी थांबली.

चाक आणि डब्याच्या मध्ये हातभर जागा उरली होती. त्यानं तिथंच बसून डबा उघडला, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

"सांगा त्या नागपूरवाल्याले," घास चावत तो म्हणाला, "भाजी अजून गरम हाय."