बटणीचा अंगठा

माझ्या नणंदेचा उजवा अंगठा दार बघून स्वभाव बदलतो. हे मी थट्टेने सांगत नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नणंदेचं वय सदतीस, चष्मा जाड, पायात बारा महिने कापडी बूट आणि घरातलं नाव बटणी. खरं नाव तिच्या ओळखपत्रावर आहे. ते आम्ही कुणी वापरत नाही.

बटणी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ही दिवसभर खेळते आणि संध्याकाळी दमल्याचं सोंग करते. मी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. माझ्यासमोर माणसं गाल धरून रडतात, तेव्हा खेळण्याला काम म्हणणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नव्हता. तो कसा आला, तेच सांगायचंय.

तर आधी तिचं काम. तिची कंपनी खेळ बनवते, पण तो ज्यावर खेळतात ते यंत्र बनवत नाही. यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन. एकीचं यंत्र निळं, दुसरीचं लाल. दोघींचं अगदी सवतींसारखं, एकीने केलं ते दुसरीने उलटं करायचंच. निळ्यासाठी लिहिलेला खेळ लाल यंत्रात घातला तर ते ढिम्म हलत नाही. तो खेळ उचलून, सोलून, पुन्हा शिवून दुसऱ्या यंत्राला बसवावा लागतो. ते काम बटणीचं.

दोन्ही कंपन्या आपलं कामाचं यंत्र देतात, पण एका अटीवर. दुसरीच्या माणसाच्या दृष्टीस ते पडता कामा नये. म्हणून सहा माणसांच्या त्या ऑफिसात समोरासमोर दोन कुलूपबंद खोल्या आहेत आणि दोन्ही किल्ल्या बटणीच्या गळ्यात. एका खोलीत कळलेलं दुसऱ्या खोलीत बोलायचं नाही. सासूबाई म्हणतात, "दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो गं." बटणी म्हणते, "आई, मी दगडांवर नाही, उंबऱ्यावर असते. तिथून पडायला वेळ कुठाय?"

आणि तिचं हे नाव कसं पडलं? बटणी नऊ वर्षांची असताना शेजारच्या घरी एक यंत्र होतं, आणि त्यात एक खेळ होता. किल्ला, भुयारं, चोर. यांच्या घरात दुसऱ्या कंपनीचं जुनं यंत्र होतं, त्याच्यासाठी तो खेळ निघालाच नाही. शेजारची मुलगी हात लावू देत नसे, फक्त बघू देई. बटणीने पंधरा दिवस नुसतं बघितलं आणि घरी येऊन गणिताच्या चौकटीच्या वहीत अख्खा किल्ला उतरवून काढला. प्रत्येक भुयार, प्रत्येक दार. मग सोंगट्या हव्यात म्हणून वडिलांच्या तीन शर्टांची बटणं कापली. वडील लग्नाला निघायच्या वेळी ते उघडकीस आलं. त्या दिवशी मार मिळाला आणि नावही मिळालं. माझा नवरा अजून सांगतो, "मी त्या वहीवर सगळी सुट्टी खेळलो. एकदाही जिंकू दिलं नाही तिने."

मागच्या वर्षी यांच्या कंपनीने होडीचा एक खेळ काढला. धुक्यातून होडी न्यायची आणि एकेक दीपगृह पेटवत जायचं. निळ्यावर तो छान चालला. लाल कंपनीचं नवं यंत्र यायचं होतं, आणि पहिल्या दिवशी त्याच्यासोबत जे मोजके खेळ दिसणार होते त्यांत एक जागा यांना मिळाली. पण लाल कंपनी खेळ तपासून घेते, आणि तिच्या नियमांचं पुस्तक माझ्या दवाखान्याच्या रजिस्टरएवढं जाड आहे. बटणीचा खेळ दोनदा नापास होऊन आला. एकदा कंट्रोलर, म्हणजे ते हातात धरायचं बटणांचं खेळणं, बंद पडलं तरी होडी थांबली नाही म्हणून. दुसऱ्यांदा एक पान उघडायला चार सेकंद जास्त लागली म्हणून.

तिचे साहेब मोजकं बोलणारे. त्यांनी सांगितलं, "गुरुवारी पाच वाजता तिसऱ्यांदा पाठवायचा. या वेळी परत आला तर लाल खोली बंद. आपण सहा जण आहोत, दोन घरं सांभाळणं झेपत नाही."

त्या आठवड्यात बटणी घरात भूत शिरल्यासारखी फिरत होती. चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि प्यायलीसुद्धा. मी शेवटी विचारलं, "खोली बंद झाली तर तुझं काय जातं? निळी आहेच की."

ती म्हणाली, "वहिनी, ज्यांच्या घरी लाल आहे त्यांनी काय करायचं? बघत बसायचं?"

मला तेव्हा वही आठवली नाही. आठवायला हवी होती.

गुरुवारी दुपारी दीडला तिचा फोन. "वहिनी, अर्धी सुट्टी टाक आणि ये. अडाणी तास आहे आणि ठरलेला माणूस आजारी पडलाय."

अडाणी तास ही त्यांची पद्धत. खेळ पाठवण्याआधी, ज्याने जन्मात कंट्रोलर धरला नाही अशा माणसाला आणून बसवतात आणि तासभर खेळायला लावतात. बाकीचे मागे उभे राहतात. त्यांनी एक शब्द बोलायचा नाही, हसायचं नाही, खोकून खूण करायची नाही. मी म्हटलं, "म्हणजे अडाणी म्हणून मीच आठवले होय?" ती म्हणाली, "तुझ्याइतकं शुद्ध कुणी नाहीये." आता याला काय म्हणणार!

आधी एका कागदावर सही घेतली, पाहिलेलं बाहेर बोलणार नाही म्हणून. (आता खेळ बाजारात आहे, तेव्हा बोलायला मोकळी आहे.) मग लाल खोलीत बसवलं. मागे बटणी, साहेब आणि चित्रं काढणारी एक बाई. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा.

पहिली पाच मिनिटं होडी नुसती गोल फिरली. मग सरळ गेली. मग, काय सांगू, धुक्यातून पहिलं दीपगृह दिसलं, मी ते पेटवलं आणि पाण्यावर पिवळा उजेड पसरला, तशी मी खुर्चीतच उसळले. दुसरं पेटवलं. मग वादळ आलं. घाबरून मी काहीतरी दाबलं, तर पहिलं पान समोर. मला वाटलं, संपलं. म्हणून "नवा प्रवास" दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून. मागे कुणीतरी जोरात श्वास घेतला. नंतर कळलं, शहाणा माणूस "पुढे चालू" दाबतो. पण मला कुठे अक्कल होती? मी असे तीन प्रवास सुरू केले. चौथ्यांदा पाटी आली, "जागा भरली. जुना प्रवास पुसायचा?" खाली चित्र होतं. खालचं बटण हो, उजवीकडचं नको.

मी दवाखान्यात दिवसाला पन्नास फॉर्म वाचते. नीट वाचलं आणि उजवीकडचं दाबलं. नको.

माझा पहिला प्रवास पुसला गेला. दोन्ही दीपगृहांसकट.

"अगं बाई, माझी होडी!" मी ओरडले. "मी नको म्हटलं होतं! नको म्हटलं होतं ना!"

मागे वळून बघते तर बटणीने दोन्ही हातांनी तोंड दाबलेलं, आणि चेहरा पांढरा. नियम तिनेच मोडला. "वहिनी," ती म्हणाली, "पुन्हा कर. तेच कर."

पुन्हा केलं. दुसराही प्रवास गेला.

झालं होतं असं. निळ्या यंत्रावर हो म्हणायचं बटण खाली असतं, लालवर उजवीकडे. खेळ लालवर आणताना त्या एका पाटीवरचं चित्र निळ्याचंच राहिलं होतं. आणि बटणीने ती पाटी शंभरदा पाहिली होती! पण तिचा अंगठा लाल खोलीत शिरला की आपोआप लालचा होतो आणि निळीत निळीचा. ती पाटी वाचतच नव्हती, अंगठाच उत्तर देत होता. दोन्ही घरचं इतकं पाठ की एकाचं भांडं दुसऱ्याच्या फळीवर आलंय हे दिसेना. त्यात तिथवर पोचायला सलग तीनदा नवा प्रवास सुरू करणारा वेडा लागतो. लाल कंपनीचे तपासणारे मात्र तीनच काय, तीसदा करतात.

पावणेतीन वाजले होते. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि चक्क खाली बसले.

बटणी बसली नाही. चित्र बदलायला तिला दोन मिनिटं लागली. "पण अजून कुठे राहिलं असेल तर?" ती म्हणाली. "अशा एकवीस पाट्या आहेत. आणि माझ्यावर माझाच भरवसा नाही." तिने खिशातून रुमाल काढला आणि मला म्हणाली, "हा अंगठा बांध. घट्ट."

मी बांधला. मग मी एकेक पाटी मोठ्याने वाचायची, आणि तिने तर्जनीने, नवख्यासारखं, मी सांगेन तेच बटण दाबायचं. "खालचं, नको!" "उजवं, हो!" दवाखान्यात नंबर पुकारते त्या आवाजात मी ओरडत होते. मला भयंकर मजा येत होती, हे कबूल करते. चौदाव्या पाटीवर आणखी एक चूक सापडली. चित्रवाली बाई टाळ्याच वाजवायला लागली. चुकीला टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

पुन्हा सगळा खेळ बांधून तयार व्हायला चाळीस मिनिटं लागली. पाच वाजायला नऊ मिनिटं असताना तो गेला. बटणी रुमाल सोडायचा विसरली आणि तशीच घरी आली.

निकाल सहा दिवसांनी येणार होता. आला त्या दिवशी मी तिचा विसरलेला डबा द्यायला ऑफिसात गेले होते. आणि नेमका निळ्या कंपनीचा माणूस भेटीला येऊन मधल्या हॉलमध्ये चहा पीत बसला होता! लाल खोलीचं दार उघडलं. बटणी बाहेर आली, चेहरा दगडाचा. त्याच्यासमोर ताकास तूर लागू द्यायची नव्हती. ती मला म्हणाली, "वहिनी, तू घरी गॅस चालू ठेवून आलीस ना? चल, खाली जाऊन फोन करू."

मी म्हटलं, "गॅस? मी तर..." आणि मग तिचे डोळे दिसले.

जिने आम्ही पळत उतरलो. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभं राहून ती ओरडली, "पास! वहिनी, पास!" मी तिच्याहून जोरात ओरडले. आम्ही एकमेकींना धरून उड्या मारल्या. वॉचमन धावत आला, "काय झालं मॅडम, साप निघाला का?" बटणी म्हणाली, "नाही हो, गॅस बंद होता!"

मी म्हटलं, "पुढच्या अडाणी तासाला मी येणारच."

"तू? तुला आता येतं. तुझा उपयोग संपला."

इतका गोड अपमान माझा आजवर कुणी केला नाही.

नवं लाल यंत्र बाजारात आलं त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी बटणी स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली होती. खेळणाऱ्यांची पत्रं ऑफिसात येतात, त्यातलं एक साहेबांनी तिला पाठवलं होतं. तिने मला वाचायला दिलं. कुणी निवृत्त नर्स होती. "माझ्या भावाकडे निळं आहे, माझ्याकडे लाल. वर्षभर मी रविवारी त्याच्या घरी जाऊन तुमची होडी नुसती बघत होते. तो हात लावू देत नाही. काल नव्या यंत्राबरोबर ती माझ्या घरी आली. चार दीपगृहं पेटवली."

मी फोन परत दिला. बटणीने तिसऱ्यांदा वाचलं, चष्मा काढला आणि ओढणीने डोळे पुसले.

"वहिनी," ती म्हणाली, "हिला वही काढावी लागली नाही."