फॉर्म वैशालीचा, संपर्क जर्मनीचा

झेरॉक्सच्या दुकानात कागदांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. कागद गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा माझ्याकडंच राहतो! त्यातही सगळ्यात जास्त किस्से साचले ते एकाच फॉर्मचे, आणि तोही घरचाच.

माझी पुतणी वैशाली संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवडली गेली. सिरसाळ्यात पेढे वाटून झाले आणि मग पडताळणीचा फॉर्म आला. चौकशी नीट झाली तरच नोकरी. त्यात प्रश्न होता : परदेशात कोण नातेवाईक आहेत? त्यांच्याशी संपर्क आहे का?

आता आली का पंचाईत! तिचा सख्खा भाऊ महेश जर्मनीत, आणि त्यानं बायकोही तिथलीच केलेली, हेलेना. माझे थोरले बंधू, म्हणजे वैशालीचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो. "त्याचा अन् माझा संबंध संपला!" असं ते तीन वर्षांपूर्वीच जाहीर करून बसलेले. त्यांच्या धाकानं आम्ही भाऊ जर्मनीत असल्याचं लिहिलं आणि पुढं 'संपर्क नाही' असंही लिहून टाकलं.

*

फॉर्मची बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी भावकीतले बापूतात्या दुकानात हजर. त्यांचा राजू मस्कतला क्रेन चालवतो.

"यादीत आमच्या राजूचं नाव हाय का?"

"तात्या, यात इतक्या लांबचे लागत नाहीत."

"लग्नाच्या पत्रिकेत बी तुमी असंच केलतं! सगळ्या भावकीची नावं, आमचंच न्हाई!"

"अहो, ही पत्रिका नाही. हे पोलिसांकडं जायचंय!"

"मग तर टाकाच. अन् वर टाका, खाली चेंगरून नको!"

*

संध्याकाळी कुणीतरी पारावर सांगितलं, परदेशातल्या नातेवाइकांचीही चौकशी लागते म्हणून. तात्या धापा टाकत परत आले.

"राजूचं नाव काढा आधी!"

"टाकलंच नव्हतं, तात्या."

"मग टाकून काढा. माझ्यासमोर!"

*

चौकशीचे साहेब साध्या कपड्यात आले आणि आधी स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसले. तिथंच त्यांनी वैशालीबद्दल विचारलं. आता आमच्याकडं अनोळखी, नीटनेटका माणूस पोरीची चौकशी करतो तो एकाच कामासाठी!

हॉटेलवाला आपलाच माणूस. तो लागला वर्णन करायला, "लई मोठं खानदान, साहेब! निम्मं फॉरेनला हाय. मामा अमेरिकेत, मावशी लंडनला!"

खरा मामा केजला खतं विकतो, आणि मावशी अंबाजोगाईच्या पुढं गेलेली नाही. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग हॉटेलवाल्यानं हळूच विचारलं, "अन् मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?"

"तुमचा!"

*

साहेब तिथून थेट दादांच्या घरी आले. अमेरिका आणि लंडन खोडायलाच अर्धा तास गेला. मग ते जर्मनीवर आले.

साहेब म्हणाले, "भाऊ परदेशात आहे म्हणून लगेच अडत नाही. लपवलं तर मात्र अडतं. नंतर कळलं तर पोरीची नोकरी जाईल. नीट सांगा, महेशशी संपर्क आहे का?"

दादांनी आढ्याकडं पाहिलं. मग पोरीकडं पाहिलं.

"दर रविवारी बोलतो. रानात गेल्यावर."

"किती वेळ?"

"तासभर. सूनबाईच्या पिठल्यात गुठळ्या होत्यात. तेवढं सांगतो."

वहिनी आतून तरातरा बाहेर आल्या. "तुमी बोलता? अन् मी तीन वर्षं गच्चीवर उन्हात उभी राहून बोलतीय, तुमी ऐकाल म्हणून!"

वैशाली खाली मान घालून म्हणाली, "मी रोज बोलते."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. "माझं काय," मी म्हणालो, "दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर दोघंही दिसतात."

साहेबांनी वैशालीकडून 'नाही' खोडून घेतलं, वर 'आहे' लिहून तिची सही घेतली. खरं आलं, आता काळजी करू नका, म्हणाले. मग पेनाला टोपण लावून त्यांनी दादांना विचारलं,

"जर्मनीशी संपर्क आहे, हे कळलं. घरातल्या घरात आहे का?"