बंड्यावरून उतरवलेला मासा

आधीच सांगून ठेवते. भूत, करणी, दृष्ट, बाधा... यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. कराडला आमच्या गल्लीत एका पारावर बाई दिसते म्हणून अख्खी गल्ली वळसा घालून जायची, मी त्याच पारावर बसून भेळ खायचे. (बाईच घाबरून गेली असणार.) तेव्हा पुढचं वाचून "ताई, तुम्हीसुद्धा?" असं विचारू नका. मीच स्वतःला रोज विचारते.

मी नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला राहते. गेल्या सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ बंड्या आला होता. बंड्या म्हणजे चांगला अडतीस वर्षांचा बाप्या. आमचं कराडचं मसाल्याचं दुकान तोच चालवतो. मिरची कढईतून कधी उतरवायची, हे तो घड्याळावर नाही, नाकावर ठरवायचा. आणि नेमकं नाकच गेलं! आठ दिवस ताप आला आणि जाताना वास, चव दोन्ही घेऊन गेला. वर्ष झालं. दोन घाणे करपले, गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. "पुढचा सीझन असाच गेला तर मसाला कुटायचा डंक विकून टाकणार," असं तो आईला म्हणाला. आईनं हवापालट म्हणून इकडे धाडला.

मी त्याला शेजारचं अ‍ॅमस्टरडॅम दाखवलं कमी, खाऊ जास्त घातलं. एका दुकानात जुनं चीज. वास कसा? पावसात भिजलेले सॉक्स शाळेच्या दप्तरात दिवाळीपर्यंत राहिले तर येईल तसा. माझ्या डोळ्यांसमोर तर सगळे पूर्वज येऊन गेले.

बंड्या शांतपणे चावत होता. "पुठ्ठा," म्हणाला.

मग इथली काळी खारट गोळी दिली, द्रॉप म्हणतात. मिठात मुरवलेला टायर!

"हापण पुठ्ठाच, तायडे. काळा."

शनिवारी दुपारी अडीचला आम्ही कालव्याच्या पुलापाशी पोचलो. तिथे तीन रस्ते मिळतात आणि कोपऱ्यावर हारिंगची गाडी आहे. हारिंग म्हणजे कच्चा मासा. कच्चा! आम्ही मटणवाली माणसं, पण शिजवतो हो. वर चिरलेला कांदा, खाली ते गुलबट-करडं, लिबलिबीत, घाम फुटलेलं प्रकरण. मी शेपटीला धरून एक उचलला तर मांजराची जीभ सोलून हातात दिल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. "अगं, त्याची दृष्ट काढलीस का? मीठ-मोहरी-मिरच्या?"

"आई, इथे मिरची जाळली तर बंब येतो."

"मग हातात आहे ते उतरव. आणि तिठ्यावर टाक. वळून बघू नकोस!"

मी काय, तमाशाला कायम तयार. मासा तीनदा बंड्यावरून ओवाळला. "आल्यागेल्याची, पापी चांडाळाची..." त्याच्या शर्टावर कांदा पडला, आईनं समाधानानं फोन ठेवला.

आता टाकायचा. हात उगारला, तर एक डच आजी सायकल थांबवून माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिच्या देव्हाऱ्यात थुंकतेय. गाडीवाला सुरी हातात धरून बघतोय. कचरापेटी दिसेना. मी घाबरले, दात काढले... आणि मासा तोंडात घातला.

"तायडे! उतरवलेलं खायचं नसतं!" बंड्या ओरडला.

"गप रे," म्हणाले मी, आणि गिळला. तो घशातून उतरला नाही, सरपटत गेला. इतकी शिसारी आली की सांगता सोय नाही.

आणि बंड्या जागच्या जागी थबकला. नाक वर.

"काहीतरी करपतंय. साखर."

"कुठे?"

तो पळतच सुटला. दोन पूल ओलांडून गेलो, तर तिथे एक बाई पाकाचे वाफल भाजत होती. धूर नाही, काही नाही. बंड्यानं हातवारे करून तिला तवा उचलायला लावला. खालची कड नुकती काळी पडत होती. बाई थक्क. बंड्या मात्र रस्त्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला. मीही रडले, आणि आनंदानं वाफलचा मोठा घास घेतला.

हारिंग.

चहा, हारिंग. वरणभात, हारिंग. टूथपेस्टसुद्धा. डॉक्टर म्हणाले नाक उत्तम आहे, पाणी प्या.

आज आठ महिने झाले. बंड्याचा सीझन असा झालाय की दुकानासमोर रांग. परवा मसाल्याचं पार्सल आलं आणि मागोमाग त्याचा कॉल. "तायडे, डबा उघड. वास घे आणि खरं सांग!"

मी नाक खुपसलं. कच्चा मासा, कांदा आणि कालव्याचं पाणी.

"एक नंबर, बंड्या! गल्लीभर घमघमाट सुटला बघ."

तो असला मजकूर वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय. नवरा म्हणतो, मीठमोहरी आणतो, तुझ्यावरून उतरवतो, तिठ्यावर टाकून येतो. मी त्याला मीठमोहरीला हात लावू देत नाही. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे तर वर सांगितलंच. पण समजा हे माझ्यावरून निघालं, आणि रस्ता माहीत असल्यासारखं परत कराडला गेलं तर?