ड्रम पडला तेव्हा तन्वी झोपली होती

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या पडवीतला मोठा ड्रम बाकावरून खाली पडला, तिथून हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण तन्वीला तापाचं औषध द्यायचं म्हणून माझं लक्ष घड्याळाकडेच होतं. कोंबड्या उडाल्या, कुत्रा ओरडत दारापुढच्या खळ्यात पळाला. आणि दहा महिन्यांची तन्वी पाळण्यात ढिम्म!

सासूबाई नातीकडे बघून हसल्या. "वाजप्यांच्या घरातला चेडू ता! तेका सवय झाली."

सगळे हसले. मीसुद्धा हसले.

ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरात किस्से जाळ्यातल्या काट्यांसारखे असतात. किती झाडा, एखादा राहतोच, आणि नंतर हाताला लागतो.

मालवणजवळच्या आमच्या वाडीत चौदा जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. बहुतेक सगळे होडीवर जाणारे. पावसात होड्या माडाच्या झापांखाली गेल्या की आमच्या पडवीत प्रॅक्टिस. आमचे हे ट्रम्पेट वाजवतात, दीर बाळा मोठा ड्रम. पुढे काठी घेऊन उभे राहतात ते मास्तर. वय सत्तर. सगळ्यांना शिकवलं त्यांनीच.

*

लग्नानंतर माझे बाबा पहिल्यांदाच कार्यक्रम बघायला आले. एका लांबलचक तुकड्यात ट्रम्पेटला बराच वेळ गप्प बसायचं असतं, मनात मोजत. हे आपले ट्रम्पेट मांडीवर ठेवून नुसते ओठ हलवतायत. बाबांनी मला कोपराने ढोसलं.

"गो, जावयाक येणा नाय काय? सगळे वाजवतत, हो जप करता!"

*

मास्तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. मी नवी नवरी, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पदर ओठांवर घेतला की ते म्हणायचे, "पदर काढ गो, काय बोलतंस?"

हे म्हणायचे, "मास्तर तसोच. पण तेचो कान बघ!"

खरंच होतं. व्हायोलिनवाल्या दाजींचं एक बोट इकडचं तिकडे झालं, की काठी थांबलीच. "दाज्या, तिसरा बोट!"

दाजी कपाळाला हात लावायचे. "ह्यो कान आसा की पोलीस?"

*

दाजी वारले. इतकी वर्षं समुद्रावर गेले आणि गेले ते घरात, जेवता जेवता. ऑर्केस्ट्राने त्यांच्या अंगणात वाजवलं. त्यांची खुर्ची मांडलेली, व्हायोलिन खुर्चीवर, आणि त्यांचा भाग कोणीच वाजवायचा नाही असं ठरलेलं. मध्येच सूर तुटायचा, भोक पडल्यासारखा, मग पुन्हा सुरू व्हायचा. ऐकवत नव्हतं.

संपल्यावर मास्तर खुर्चीकडे बघून म्हणाले, "आज पयल्यांदाच दाजी चुकूक नाय."

दाजींची बायको रडता रडता हसली. त्या दिवसात तेवढंच.

*

ड्रम पडल्यानंतरच्या एका लग्नात व्हिडिओवाला झगझगीत लाईट घेऊन मास्तर आणि ड्रमच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला. गाणं संपलं, सगळे वाजवणारे थांबले. मास्तरांची काठी चालूच! लोक जेवायला उठले तरी चालू. शेवटी बाळाने पुढे धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"मास्तर रंगात इलो काय तेका भान नाय!" बाळा हसून म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या. माझ्या कडेवर तन्वी होती. एवढ्या गोंगाटात ती एकदासुद्धा दचकली नव्हती.

*

घरी येऊन मी तन्वीच्या पाठीमागे थाळी आपटली. तिने मान वळवली नाही. पुन्हा आपटली. पुन्हा नाही.

हे म्हणाले, "थाळी चेपतली. तू उगाच भियातंस."

संध्याकाळी सासूबाईंनी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. तन्वीची नाही, माझी!

*

परवा दुपारी प्रॅक्टिस चालू होती. तन्वी माझ्या मांडीवर बसून बाळाच्या हाताकडे बघत होती. हात वर गेला की ती डोळे मिटायची, ठोका पडायच्या आधीच.

मास्तरांची काठी थांबली. ते तन्वीकडे बघतच राहिले.

"सुऱ्या, चेडवाच्या पाठसून जा. फुंक."

ह्यांनी तिच्या मागे जाऊन फुंकलं. तन्वी माझ्या मंगळसूत्राशी खेळत राहिली.

"सवय झाली तेका," सासूबाई म्हणाल्या. पण ह्यावेळी हसल्या नाहीत.

मास्तर पायरी उतरून खळ्यात गेले. होड्यांकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"आता माझ्या पाठसून वाजय."

ह्यांनी होता नव्हता तेवढा दम काढून फुंकलं. झापांवरचे कावळे उडाले. शेजारीण दारात आली. हे धापा टाकत थांबले.

मास्तर पाठमोरेच. जरा वेळाने म्हणाले, "वाजय रे. अजून कित्याक वाजवूक नाय?"

*

उद्या सकाळच्या एसटीने तन्वीला तपासायला नेतोय. मी सातवी शिकलेली, डॉक्टरांपुढे तोंड फुटेल की नाही देव जाणे. मास्तर सोबत येतायत. हे सगळं, त्यांच्या स्वतःच्या कानांचंसुद्धा, सांगायला त्यांनीच सांगितलंय, म्हणून सांगते. तुमच्या ओळखीत कोणाचं बाळ भर आवाजात गाढ झोपत असेल आणि घरचे कौतुकाने हसत असतील, तर त्यांना एवढा निरोप द्या: पाठीमागे उभं राहून एकदा हाक मारून बघा.